तळघरात बारा अंश

क्लाक्सविकमध्ये कपडे दोरीवर वाळत नाहीत,
नुसते लोंबकळतात.
धुकं खालून येतं, फियोर्डाच्या पोटातून,
आणि सकाळी टाकलेला शर्ट संध्याकाळी जास्त ओला असतो.
म्हणून इथे तळघरोतळघरी एक ड्रायर,
आणि ड्रायर रुसला की मी.

हानुसचा तिसरा फोन.
"फिरतो. तासन् तास फिरतो. वारा मात्र गार.
सेन्सर खोटं बोलतोय."
"परवाच नवा घातलास ना?"
"घातला. डेन्मार्कहून मागवला.
तोही तेच खोटं बोलतोय."

दोन अनोळखी साक्षीदार
शब्दाला शब्द तेच सांगत असतील
तर चौकशी दुसरीकडे वळवावी,
असं मनात म्हणत मी पायऱ्या उतरले.

पडद्यावर आकडा: एकाहत्तर.
हानुसनं ड्रमवर तळवा टेकवला.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनांवर टेकवलेला तळवा,
दोन बोटं अर्धीच.
"बघ," म्हणाला, "मेलेल्या कॉडसारखा गार.
आणि हा म्हणतो, भाजतंय."

आधी प्लग काढला.
(हे मी दरवेळी मोठ्यानं म्हणते,
ऐकायला कुणी असो वा नसो.)
मागचा पत्रा, सात स्क्रू, आठवा कधीच हरवलेला.
लोकरीच्या धुळीची एक उबदार दिसणारी पण गार उशी.

सेन्सर सुटा करून मोजला: अठरा हजार ओहम.
तळघरात बारा अंश. बरोबर.
थंडीत याचा विरोध वाढतो,
ऊब लागली की हा नमतो,
माझ्या सासूच्या अगदी उलट.
मग तो पुन्हा जोडून
बोर्डाकडच्या टोकाला मोजलं: अठराशे.

वाटेत एक शून्य गळालं होतं.

तारेची दोन्ही टोकं सोडवली.
आता मीटरनं गप्प बसायला हवं होतं,
रिकाम्या तारेजवळ सांगण्यासारखं काय असतं?
मीटर म्हणाला: दोन हजार.

हानुस खाली वाकला. गुडघे वाजले.
बोटानं तार धरत धरत मी तळाशी गेले,
पंख्याच्या मागे, जिथे तारेचा जोड असतो.
तिथे दोन पिनांच्या मधे
हिरवट, ओलसर, मीठ फुललेलं.
एवढासा पूल.
त्यावरून वीज चोरपावलांनी ये-जा करत होती
आणि वर बोर्डाला वाटत होतं, उकाडा आहे.

मी वर पाहिलं. हानुसनंही पाहिलं.
ड्रायरच्या मागे भिंतीत एक खिळा,
खिळ्याला रोईचं जर्सी,
सामनच्या पिंजऱ्यांवरून आलेलं,
टोकाशी थेंब.
थेंब पडला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बापानं ठोकलेला खिळा होता तो,
मुलाला पहिली नोकरी लागली त्या दिवशी.

जोड कापला, नवा लावला, उंचावर बांधला.
मोजलं: अठरा हजार. सगळी शून्यं जागेवर.

तेव्हा हानुसनं खिशातून घशाच्या गोळ्यांची डबी काढली.
आत जुना सेन्सर, कापसात.
"हाही तपास."
मगात कोमट पाणी आणलं, थर्मामीटर बुडवला: पन्नास.
सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोडला.
आकडा घसरत घसरत छत्तीसशेवर थांबला.
"म्हणजे?"
"म्हणजे याचं काही चुकलेलं नव्हतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी.
हानुस डबीकडे बघत राहिला.
"मग हाच बसव परत."
नवाही चांगला आहे, म्हटलं.
"असू दे. नव्याला डबीत झोपू दे."

बसवला. स्क्रू सातच.
पडद्यावर तेरा, मग चौदा,
मग सावकाश, चढण चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, वीस.

मी हत्यारं आवरत होते
आणि मागे पक्कड करकरत होती.
खिळा गंजला होता, लवकर येईना.